एकाहत्तर अंशांचा तह

ल्युबेनचं ग्राफिक्स कार्ड गेलं तेव्हा पडद्यावर एका नव्या जोडप्याचं स्वयंपाकघर उभं होतं. ओटा ठरला होता, कपाटांचा रंग ठरला होता, आणि बाई विचारत होती की कोपऱ्यातला खांब काढता येईल का. त्या खांबावर वरचे पाच मजले उभे आहेत, हे ल्युबेन तिला सांगणारच होता. तेवढ्यात खांब हिरवा झाला. मग ओटा हिरवा झाला, मग सगळंच जांभळं झालं, त्यावर पट्टे आले आणि विझलं. कॉम्प्युटरच्या मागून जळक्या वासाची एक बारीक रेघ वर गेली.

"हिरवा मला आवडला होता," नवरा म्हणाला.

ल्युबेनचं पोट त्या कार्डावर चालायचं. बल्गेरियातल्या गाब्रोवोत, चिक्कूपणासाठी देशभर गाजलेल्या गावात, मिन्चो मास्तरांचा फर्निचरचा कारखाना होता, आणि लाकडाला करवत लागण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचं स्वयंपाकघर पडद्यावर दाखवायचं काम ल्युबेनचं, तेही घरूनच. उजेड खिडकीतून कसा पडेल, काचेत काय दिसेल, भांड्यावर चमक कुठं येईल, हे सगळं ते कार्ड तासन्‌तास हिशेब करून रंगवायचं. कार्ड नाही म्हणजे चित्र नाही, चित्र नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही.

आणि त्या हिवाळ्यात जगातली कार्डंच संपली होती. साथीमुळे अर्धं जग घरात बसून खेळ खेळत होतं, उरलेल्या अर्ध्यातले काही हुशार लोक शेकडो कार्डं गोदामात मांडून त्यांच्याकडून कॉम्प्युटरचं नाणं पाडून घेत होते, आणि कारखान्यांना माल पुरत नव्हता. इंटरनेटवर कुठं 'उपलब्ध' असं दिसलं की ल्युबेन आपलं नाव टाइप करायला घ्यायचा. 'ल्यु' होईपर्यंत कार्ड गेलेलं असायचं.

शेवटी तो गावातल्या कामेनच्या दुकानात गेला. कामेन तिशीतला, गोल तोंडाचा, मास्क कायम हनुवटीवर. त्याच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, कुलपात एक मोठं खोकं ठेवलेलं होतं.

"आहे?" ल्युबेननं विचारलं.

"खोकं आहे."

"आणि खोक्यात?"

"खोक्यात होतं. नोव्हेंबरात."

"मग कुलूप कशाला?"

"लोक हात लावतात," कामेन म्हणाला. "कालच एक जण वास घेत होता."

"बरं, आलंच तर काय भाव पडेल?"

कामेननं फोन बघितला. "बाराशे लेवा." फोन टिणकला. "साडेबाराशे."

"अरे, मी इथंच उभा आहे!"

"म्हणून साडेबाराशे. जाऊन परत आला असतास तर तेराशे झाले असते."

ल्युबेनचं घर यांत्रा नदीच्या वरच्या चढावर होतं. खालच्या मजल्यावर सासू-सासरे, वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको स्नेझा. रविवारी सगळे खाली जेवायचे. त्या रविवारी घेवड्याचं सूप समोर होतं आणि ल्युबेन त्यात चमचा नुसता फिरवत होता.

त्याचे सासरे, पर्वानबाबा, क्रेनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, भुवया इतक्या दाट की त्यांच्यात चष्मा अडकून राहायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कार्ड म्हणजे नेमकं काय ते त्यांना कळलं नाही. पण 'मिळत नाही' हे दोन शब्द कानावर पडले तशी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेली तरतरी आली.

"मिळत नाही म्हणजे काय?" ते म्हणाले. "दुकानात नाही?"

"दुकानात नाही, बाबा. कुठंच नाही."

"जावईबापू, आमच्या वेळी दुकानात काहीच नसायचं. आणि घरात सगळं असायचं. मी मोस्कविच गाडीचं नाव नोंदवलं तेव्हा स्नेझा जन्मली नव्हती, आणि गाडी आली तेव्हा ती शाळेत होती. पण मध्ये मी काही हात बांधून बसलो नव्हतो. फरशा आणल्या, आंघोळीचा टब आणला, केळीसुद्धा आणली!"

"हिरवी होती," सासूबाई म्हणाल्या.

"पण आणली! तू त्या पोराकडे काय म्हणून गेलास?"

"कार्ड आहे का म्हणून."

पर्वानबाबांनी चमचा खाली ठेवला आणि मुलीकडे बघितलं. "स्नेझा, तू याला काय बघून पसंत केलंस?"

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. ल्युबेननं गाडीत बसून राहायचं, आत यायचं नाही, असं ठरलं. "तुझं तोंड बघून भाव वाढतो," पर्वानबाबांनी बजावलं. पहिल्या भेटीत त्यांनी कार्डाचं नावसुद्धा काढलं नाही. दुकानातलं घड्याळ मागे आहे एवढंच सांगून ते बाहेर आले. दुसऱ्या भेटीत, घड्याळ बरोबर झालंय का ते बघायला म्हणून गेले आणि आपल्या अंगणातल्या आलुबुखारांची, घरी गाळलेल्या राकियाची बाटली काउंटरवर विसरून आले. पुढच्या वेळी सोबत लुकांका होती. कामेननं ते सॉसेज कापलं, पर्वानबाबांनी राकिया ओतली, आणि बोलता बोलता निघालं की कामेनची आजी आणि पर्वानबाबांची मावशी एकाच खेड्यातल्या, एकाच झऱ्यावर पाणी भरणाऱ्या.

"म्हणजे तुम्ही माझे काकाच झालात की!" कामेन गहिवरला.

"मी कधीचा तुझा काका आहे," पर्वानबाबा म्हणाले. "तूच ओळख देत नव्हतास."

बाहेर गाडीत ल्युबेन हातांवर फुंकर मारत बसला होता. इंजिन चालू ठेवायची परवानगी नव्हती.

असे काही आठवडे गेले. मग एका दुपारी कामेननं फोन करून फक्त "काका, मागच्या दारानं या" एवढं म्हटलं आणि ठेवून दिला. मागच्या दारी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जडशीळ पुडकं पर्वानबाबांच्या हातात दिलं आणि शेजारचं एक पिंप पायानं पुढे सरकवलं.

"हे काय?" ल्युबेननं विचारलं. आता त्याला गाडीतून उतरायची मुभा होती.

"बॉयलर. ऐंशी लिटरचा. कार्डासोबत घ्यावा लागतो. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझ्या मेहुण्याचा. त्याचं बॉयलरचं दुकान बसलं."

ल्युबेन तोंड उघडणार तोच पर्वानबाबांनी त्याच्या पायावर पाय दिला. सोबत काहीतरी घ्यावं लागतं म्हणजे व्यवहार खरा आहे, हे त्यांना जुन्या अनुभवानं ठाऊक होतं. मोस्कविचसोबत त्यांना शिवणकामाची सुई-दोऱ्याची पेटी घ्यावी लागली होती.

येताना कार्ड मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवलं होतं. बॉयलर सोबत आलेल्या स्नेझाच्या मांडीवर होता.

"म्हणजे पैसे संपले, या उन्हाळ्यात समुद्रावर जाणं नाही," ती बॉयलरच्या वरून म्हणाली.

"पुढच्या वर्षी नक्की," ल्युबेन म्हणाला.

"नको. याच्यातच पाय सोडून बसू."

कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावलं नाही. ते एखाद्या विटेपेक्षा लांब होतं आणि त्याला तीन पंखे होते. ल्युबेननं कारखान्यातून कातर आणून डब्याची एक बाजू कापली, दार काढून टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. स्नेझानं टाळ्या वाजवल्या. ल्युबेननं त्या नव्या जोडप्याचं स्वयंपाकघर रंगवायला लावलं, आणि पंखे असे फिरले की टेबलावरचे कागद उडून कपाटाखाली गेले.

कोपऱ्यातला आकडा चढत होता. साठ. सत्तर. शहाऐंशी.

शहाऐंशी अंशांवर कार्ड चालतं, पण फार दिवस चालवू नये, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. इतके हाल सोसून आणलेली वस्तू, आणि दुसरी मिळणार नाही. ल्युबेनला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळपासून त्यानं उपाय सुरू केले. टेबल भिंतीपासून हलवलं, धूळ काढली, आणखी एक पंखा लावला, खिडकी उघडून फेब्रुवारीची हवा आत घेतली आणि कोट घालून कामाला बसला.

त्याच्या सासूबाई, वेलिच्काबाई, कॉफी घेऊन वर आल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी आधी खिडकी लावली. मग टेबलामागे जाऊन थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. हात मागच्या झोतात धरला. उलटा केला. "किती छान ऊब आहे रे इथं. अगदी कोंबडीच्या पोटाखाली असते तशी."

"आई, ती ऊबच तर घालवायची आहे."

"घालवायची?" वेलिच्काबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं भाकरी नदीत फेकायची भाषा केली. गाब्रोवोत माणूस बायको सोडतो, पक्ष सोडतो, पण ऊब सोडत नाही.

दुपारी ल्युबेन गिऱ्हाइकाकडून परत आला तर टेबलामागे दोन ट्रे. काळ्या मातीचे, वर बोटाएवढे हिरवे कोंब. पर्वानबाबा गुडघ्यांवर बसून पाणी शिंपडत होते.

"बाबा! विजेचं सामान आहे ते!"

"मी मातीवर शिंपडतोय. गुलाबी टोमॅटो आहेत, माझ्या आईच्या बियांचे. खिडकीत थंडीनं मान टाकत होते. इथं बघ, कसे ताठ उभे राहिलेत. तू तुझं काम कर, आम्ही काही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या डोक्यावर लोकरी शालीत गुंडाळलेलं एक बोचकं आलं. दह्याच्या बरण्या होत्या. वेलिच्काबाईंनी दूध कोमट करून, विरजण लावून, सगळ्यात उबदार जागी ठेवलं होतं, आणि ती जागा नेमकी वारा बाहेर पडायच्या जाळीवर होती. ल्युबेनला पत्ता नव्हता. तो मिन्चो मास्तरांशी फोनवर बोलत होता. आकडा नव्वदच्या पुढे गेला, पंखे किंचाळले आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला.

"आई!"

"हलवू नकोस!" खालून आवाज आला. "अजून लागलं नाही!"

ल्युबेन मवाळ माणूस होता, पण त्या संध्याकाळी तो दही लागायची वाट न बघता उठला. बरण्या खाली पाठवल्या. मग बसून त्यानं कार्डाला मिळणाऱ्या विजेचा दाब थोडा थोडा कमी करत आणला. चित्र तेवढंच सुरेख, वेळ जवळपास तेवढाच, आणि आकडा बासष्टवर येऊन थांबला. पंखे हळू कुजबुजायला लागले. ल्युबेनला वाटलं, आपण जिंकलो.

सकाळी दारावर थाप पडली. पर्वानबाबा अंगावर कोट, हातात राकियाच्या भट्टीचा लांब थर्मामीटर घेऊन उभे होते.

"जावईबापू, काल रात्री इथं काय केलंस?"

"काही नाही. जरा थंड केलं."

"जरा? माझी रोपं गारठली! हे बघ, हे पान. काल असं होतं, आज असं आहे. तुझ्या मनात माझ्याविषयी काही असेल तर मला सांग. त्यांच्यावर काढू नकोस."

"बाबा, कार्ड जळलं तर?"

"तीन पंखे असलेली वस्तू जळते कशी? मी क्रेन बनवल्यात! ऐंशीवर ठेव."

"बासष्ट."

"ऐंशी!"

"बासष्ट!"

स्नेझा औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांची भांडणं ऐकून तिचे कान पिकलेले असायचे. तिनं दोघांना खाली टेबलाशी बसवलं, मध्ये चीज भरलेल्या बानित्साची थाळी ठेवली आणि विचारलं, "ऐंशी आणि बासष्टच्या मधोमध काय?"

"एकाहत्तर," ल्युबेन म्हणाला.

"मग एकाहत्तर. रोपं मागे राहतील. दही बुधवारी आणि शनिवारी, पण जाळीवर नाही, बाजूला. आणि पुन्हा कुणी माझ्यासमोर अंश हा शब्द काढला तर मी आत्याकडे राहायला जाईन."

असा तह झाला. पर्वानबाबांनी हात पुढे केला, ल्युबेननं मिळवला. तो तह दोघांनी पाळला हे खरं, पण पर्वानबाबा दिवसातून चार वेळा वर येऊन आकडा बघायचे, आणि सत्तर दिसला की खाकरायचे.

खरी अडचण निराळीच निघाली. कार्ड तापायचं ते काम असेल तरच. चित्र रंगवून झालं की ते गार पडायचं. ज्या चित्रात काचा, आरसे आणि दिवे जास्त, त्याचा हिशेब लांबायचा, म्हणजे ऊबही लांबायची. साधं, पांढरं, दोन कपाटांचं स्वयंपाकघर अर्ध्या तासात आटपायचं. वेलिच्काबाईंना हे त्यांच्या मार्गानं उमगलं.

"आज कुठलं आहे रे?" बुधवारी त्या बरणी छातीशी धरून दारात उभ्या राहायच्या.

"पांढरं. एका मास्तरीणबाईंचं."

"मग दही पातळ होणार. त्या दिवशीचं काचेच्या दारांचं होतं ना, तेव्हा सुरीनं कापावं लागलं होतं. काचेची दारं लाव की जरा."

"त्यांना नकोत, आई. त्यांना साधं हवंय."

"त्यांना काय कळतं? एकटी बाई. आरसा तरी लाव."

आणि ल्युबेनच्या लक्षात आलं की आपण खरोखर आरसा लावतोय. मास्तरीणबाईंनी ते चित्र बघितलं आणि त्या म्हणाल्या, "मी इतक्या वेळा दिसायला हवी का?"

मार्चच्या मध्याला कामं आटली. मिन्चो मास्तरांकडे लाकूड नव्हतं, तेही मिळेनासं झालं होतं. दोन दिवस कार्ड गार पडलं. तिसऱ्या दिवशी पर्वानबाबा वर आले, टोपी काढली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"मला एक स्वयंपाकघर हवंय," ते म्हणाले.

"तुम्हाला? कुठं?"

"कुठं ते तू विचारायचं नाहीस. मोठं काढ. ओकचं. दिवे भरपूर."

"बाबा, जे कधी बनणारच नाही..."

"रोपं बनणार आहेत ना? काढ."

ल्युबेननं काढलं. काही केल्या ते संपेना. पर्वानबाबांना दोन खांब हवे होते आणि खांबांवर द्राक्षवेल. वेलिच्काबाईंना संगमरवरी हौद हवा होता, त्यात वाहतं पाणी. वाहत्या पाण्याचं प्रतिबिंब म्हणजे कार्डाला दिवसभराचं काम, तेव्हा हौद ताबडतोब मंजूर झाला. एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. शेजारच्या त्रेंदाफिल्काकाकू मिरचीची रोपं घेऊन आल्या, त्यांच्या मागून पोस्टातला निवृत्त माणूस वांगी घेऊन आला. टेबलामागची जागा भरली तशी रोपं कपाटावर, पुस्तकांवर, स्नेझाच्या शिलाईयंत्रावर चढली. जागेचं भाडं नव्हतं. पण रोप ठेवणाऱ्यानं त्या स्वयंपाकघरात निदान एक वस्तू सांगायची, म्हणजे हिशेब लांबेल, असा पर्वानबाबांचा दंडक होता.

पोस्टवाल्यानं तांब्याची तीस पातेली सांगितली. त्रेंदाफिल्काकाकू पडद्यासमोर येऊन बसल्या. त्या सत्तरीच्या, एकट्या, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागायचं.

"खिडकी चालेल का?" त्या म्हणाल्या.

"चालेल की. कशी हवी?"

"समुद्राकडची. आमचे हे बुर्गासच्या बंदरावर होते तेव्हाची. खालची चौकट निळी होती आणि डावीकडची काच तडकलेली होती."

"तडकलेली कशाला काढायची? नवी काढतो."

"नको रे," काकू म्हणाल्या. "तडकलेलीच."

ल्युबेननं तडा काढला. काकूंनी बोट लावून सांगितलं, अजून वर, अजून थोडा वाकडा. त्या चित्राला सबंध दिवस लागला. संध्याकाळी ते पुरं झालं तेव्हा निळ्या चौकटीतून उजेड आत येऊन तीस पातेल्यांवर पसरला होता, आणि तड्याची एक पांढरी रेघ ओट्यावर पडली होती. पर्वानबाबासुद्धा आकडा बघायला विसरले. काकूंनी आपला मास्क वर ओढून डोळ्यांपर्यंत नेला.

त्या आठवड्यात कामेन आला. मागच्या दारानं.

"काका," तो कुजबुजला, "कार्ड विकता का? दुप्पट देतो. धरणापलीकडे एकाचं नाणं पाडायचं गोदाम आहे, तो मिळेल ते उचलतोय."

ल्युबेनच्या मनात समुद्र चमकून गेला. पण पर्वानबाबांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"विकू," ते म्हणाले. "मे महिन्यात. टोमॅटो जमिनीत गेले की."

"काका, टोमॅटो? मी दुप्पट म्हणतोय!"

"दही खाणार?"

कामेननं दही खाल्लं. सुरीनं कापून खाल्लं. बरणी चाटत असताना त्याचा फोन टिणकला. "अडीच पट," तो म्हणाला.

"मे."

तो दर शनिवारी यायला लागला. दर शनिवारी भाव चढलेला असायचा, आणि दर शनिवारी पर्वानबाबा महिन्याचं नाव सांगायचे. ल्युबेन रात्री स्नेझापाशी कुरकुरायचा.

"तीन पट, स्नेझा! तीन पट देतोय! उद्या द्यावं आणि मोकळं व्हावं."

"मग दे."

"आणि ती रोपं?"

स्नेझानं दिवा मालवला. "दोन महिन्यांपूर्वी तू हे विचारलं नसतंस," ती म्हणाली.

ईस्टरच्या सुमारास कामेननं भाव सांगायचं सोडून दिलं. तो नुसता यायचा, वाटी घ्यायचा. एका शनिवारी त्याच्या हातात एक ट्रे होता.

"काकड्या आहेत," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "आईनं दिल्यात. जागा होईल का?"

"होईल," पर्वानबाबा म्हणाले. "तुला स्वयंपाकघरात काय हवंय ते सांग."

कामेननं विचार केला. "काचेचं कपाट. आत दिवा."

मध्येच एकदा घोटाळा झाला. मिन्चो मास्तरांना लाकूड मिळालं आणि ते पहिलं जोडपं चित्र बघायला परत आलं. ल्युबेननं घाईत भलतीच फाइल उघडली. पडद्यावर द्राक्षवेलीचे दोन खांब, हौद, तीस पातेली आणि समुद्र. तो बंद करणार तोच बाईनं त्याचा हात धरला.

"हेच," ती म्हणाली.

"ताई, हे तुमचं नाही. हे कुणाचंच नाही."

"हेच हवंय. खांब तर एक आहेच आमच्याकडे."

"तुमच्या खिडकीतून समुद्र दिसणार नाही. गॅरेज दिसतं."

"पण तडा तर घालता येईल?" नवऱ्यानं विचारलं.

मिन्चो मास्तरांनी फोनवर जे शब्द वापरले ते इथं सांगण्यासारखे नाहीत. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यांनी दुसरा खांब पोकळ लाकडाचा बनवला, खिडकीची चौकट निळी रंगवली आणि काच स्वतः हातोडीनं तडकवायला गेले. तीन काचा पार फुटल्या, चौथीला हवा तसा तडा गेला. त्याचा आकार बरोबर आहे की नाही हे बघायला ल्युबेननं त्रेंदाफिल्काकाकूंना गाडीतून नेलं. काकूंनी बघितलं, मान हलवली आणि त्या जोडप्याला सांगितलं की हिवाळ्यात तिथून वारा येतो, टॉवेल लावावा लागतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटो अंगणात गेले. सगळी गल्ली आपापले ट्रे घेऊन जिना उतरली आणि ल्युबेनच्या खोलीत मातीचे चौकोन तेवढे उरले. सोमवारी पर्वानबाबांनी नवा शर्ट घातला, भुवया पाण्यानं बसवल्या आणि ल्युबेनला घेऊन कामेनच्या दुकानात गेले. या वेळी ल्युबेनलाही आत यायची परवानगी होती.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकीच खोकी. भिंतीला टेकून, काउंटरवर, दारात. सगळी भरलेली.

"आलो," पर्वानबाबा म्हणाले. "टोमॅटो लावून झाले. बोल, आज काय?"

कामेननं फोन दाखवला. कॉम्प्युटरचं नाणं चार दिवसांत कोसळलं होतं. धरणापलीकडच्या माणसानं गोदाम रिकामं करायला काढलं होतं आणि दोनशे कार्डं विकून द्यायला कामेनच्या गळ्यात मारली होती.

"तुम्ही घेतलंत त्याच्या निम्मे, काका," तो म्हणाला. फोन टिणकला. "निम्म्याहून कमी."

पर्वानबाबांनी खोक्यांकडे बघितलं, मग ल्युबेनकडे. ल्युबेनला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि आपल्यालाही काहीतरी बोलावं लागेल. त्याला राग यायला हवा होता. तीन पट, आणि आता निम्मं. तो राग शोधत राहिला आणि त्याला फक्त भूक लागलेली आढळली.

"मी तुमचं कार्ड एप्रिलात घेतलं असतं ना," कामेन एकदम म्हणाला, "तर ते पैसे माझ्या खिशातून गेले असते, तो गोदामवाला सगळं उधारीवर उचलत होता. तीन पट. दुकान गेलं असतं. मेहुण्यासारखा बसलो असतो." तो काउंटरच्या मागून आला आणि त्यानं पर्वानबाबांना मिठी मारली. "काका, तुम्ही मला वाचवलंत."

"सोड," पर्वानबाबा म्हणाले. "शर्ट नवा आहे."

दोन दिवस ते अंगणाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. गाब्रोवोतल्या माणसाचा एवढा नफा बुडाला की घरचे आवाज खाली करून बोलतात. तसेच सगळे बोलत होते. तिसऱ्या दिवशी ते अंगणात टोमॅटोला काठ्या लावताना दिसले, आणि वेलिच्काबाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

जूनमध्ये ऊन असं तापलं की वरच्या मजल्यावर कार्ड पुन्हा शहाऐंशीवर जाऊ लागलं. तह संपला होता, आता कुणाला ऊब नको होती. ल्युबेननं कॉम्प्युटर, टेबल आणि खुर्ची उचलून तळघरात नेली. लोणच्याची पिंपं आणि राकियाची बुधली यांच्या मध्ये जागा केली. तिथं भिंतीला कायम ओल असायची आणि कार्ड चोपन्न अंशांवर झोपल्यासारखं चालायचं. ल्युबेन भर उन्हाळ्यात लोकरी बनियन घालून काम करायचा.

पहिल्याच दिवशी जिन्यावर पावलं वाजली. पर्वानबाबा स्टूल घेऊन आले आणि पिंपांपाशी बसले. मागून वेलिच्काबाई विणकाम घेऊन आल्या. मग स्नेझा सुट्टीचा दिवस म्हणून, आणि थोड्या वेळानं त्रेंदाफिल्काकाकू हातात पंखा घेऊन.

"वर भट्टी झालीय नुसती," पर्वानबाबा म्हणाले. "आम्ही काही बोलत नाही. तू तुझं काम कर."

ल्युबेननं मास्तरीणबाईंचं साधं, पांढरं, दोन कपाटांचं स्वयंपाकघर उघडलं, आरसा काढून टाकला आणि रंगवायला लावलं. सगळे पडद्याकडे बघत बसले.

"फारच रिकामं आहे," काकू हळूच म्हणाल्या.

"त्यांना तसंच हवंय," ल्युबेन म्हणाला.

"असू दे, असू दे," वेलिच्काबाई म्हणाल्या. "दार तेवढं लावून घे रे कुणीतरी. गारवा बाहेर जातोय."